पहिल्या बाराचं काडतूस

युसुफचाचांच्या दुकानात बंदूक घेऊन येणाऱ्याला आधी कॉफी मिळत नसे. ओमानात राहिलेल्या माणसाला यातला उद्धटपणा लगेच कळेल. इथे तुम्ही वाट चुकून कोणाच्या अंगणात शिरलात तरी आधी खजुराचं ताट आणि वेलदोड्याच्या कडू कॉफीचा पेला पुढे येतो, कुठे जायचंय ते नंतर विचारलं जातं. चाचांचा नियम वेगळा होता. गिऱ्हाईक उंबऱ्याशी आलं की ते दोन्ही हात पुढे करून बंदूक घ्यायचे, नळी भिंतीकडे वळवायचे, मागचं तोंड उघडायचे आणि काडतूस बसतं त्या जागेत डोळा लावून पाहायचे. मग तिथे उजव्या हाताची करंगळी घालायचे. डोळ्यांनी नीट पाहिलं असलं तरी करंगळी घालायचीच. आत काही नाही याची डोळा आणि करंगळी या दोघांनी साक्ष दिली की बंदूक आडवी ठेवून म्हणायचे, "तफद्दल." म्हणजे या, बसा. त्यानंतर कॉफी. दाराशी ताटकळलेले भलेभले शेख मी पाहिले आहेत, आणि चाचांवर चिडलेला त्यातला एकही आठवत नाही.

दुकान रुस्ताकच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, होतं. मालक हमूद नावाचे वृद्ध ओमानी गृहस्थ. सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे धनी, म्हणत, मीही म्हणत असे. दर्शनी भागात चांदी, खंजीर, पितळी कॉफीपात्रं, आणि आतल्या खोलीत जुन्या बंदुका. चाचा मूळचे हर्णैचे. विशीत ओमानच्या सूर बंदरात आले ते गलबतं बांधणाऱ्यांकडे खिळे-बिजागऱ्या ठोकायला. तिथे अर्बाबनी त्यांचा हात पाहिला आणि रुस्ताकला आणलं. त्याला तीस-बत्तीस वर्षं झाली होती. लोखंडाशी इतका काळ काढलेल्या माणसाचे हात राकट असतील असं वाटतं, पण चाचांची बोटं शिंप्यासारखी होती आणि नखं माझ्यापेक्षा स्वच्छ.

माझी त्यांची पहिली भेट भांडणाने झाली. मी वसईची, इथल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. एका शुक्रवारी दुपारी दोन माणसं एका तिसऱ्याला घेऊन आली. त्याच्या हाताला गुंडाळलेला टॉवेल रक्ताने भिजलेला. लग्नात बार काढताना बंदूक मागच्या बाजूने फुटली होती. मी जखम धूत होते, आणि आणणाऱ्यांपैकी एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा त्या विव्हळणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, काडतूस कुठलं होतं, कुठून आणलं, डबी आहे का. माझं डोकं फिरलं. मी हिंदीत त्याला बाहेर व्हायला सांगितलं आणि वर मराठीत पुटपुटले की माणूस मरतोय आणि ह्याला काडतूस सुचतंय. त्यावर म्हातारा मराठीतच म्हणाला, "बाय, ह्याची बोटं तू बघ. तसल्याच बंदुका अजून दोघांकडे हायत आणि आज तीन लग्नं हायत." एवढं बोलून तो गेला. नंतर कळलं की चाचांनी ते दोघे शोधून काढले होते. एकाच्या खिशातून त्यांनी स्वतःच्या हाताने काडतुसं काढून घेतली, भर लग्नात, नवरदेवाच्या काकाच्या.

त्यानंतर मी दर गुरुवारी त्यांचं ब्लडप्रेशर बघायला दुकानात जाऊ लागले. ब्लडप्रेशर हे निमित्त. खरं म्हणजे दवाखान्यात सगळ्या जणी केरळच्या, नवरा कामाला सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, तो शुक्रवारी घरी यायचा. उरलेला आठवडा मराठी बोलायला कोणी नाही. चाचांचंही तेच. आम्ही तास तास सुकटीवर भांडायचो. वसईची सुकट त्यांच्या मते रेती होती आणि हर्णैचे सोडे माझ्या मते उगाच मिजासखोर. मधूनच कोणीतरी बंदूक घेऊन यायचं आणि मग मला गप्प बसून बघायला मिळायचं.

तिथेच मला कळलं की आतल्या खोलीतल्या निम्म्याहून जास्त बंदुका जुन्या नव्हत्याच. जुन्या धाटणीच्या, पण नव्या घडवलेल्या, नकला. त्यात चाचा तीन जाती सांगत. पहिली भिंतीची, म्हणजे पर्यटकांसाठी मऊ लोखंडात ओतलेली. ती खिळ्यावरच शोभते. दुसरी हातात घेऊन नाचायची. ओमानी लग्नात तलवारी आणि बंदुका घेऊन पुरुष नाचतात, तेवढ्यापुरती. आणि तिसरी खरोखर बार काढण्यासाठी बनवलेली, जिच्या नळीवर दाब सोसल्याची कसोटी देऊन मारलेला शिक्का असतो. तिन्ही लांबून सारख्याच दिसतात. घोटाळा तिथेच होतो, कारण पहिल्या जातीतही काडतूस छान बसतं.

"बसतं म्हणून चालतं असं नाय," हे त्यांचं रोजचं वाक्य. "माझ्या जावयाची चप्पल मना बसते. म्हणून मी जावई झालो काय?"

एक गोरा इंजिनिअर एकदा फार सुरेख बंदूक घेऊन आला. तिसऱ्या जातीची, शिक्क्याची. बरोबर काडतुसांची कोरी डबी, आणि डबीवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळत होता. तो अगदी निश्चिंत होता, इंटरनेटवर सगळं वाचून आला होता. चाचांनी त्याला कॉफी दिली, खजूर दिला आणि डबी परत केली. नंबर बरोबर, दारू चूक, असं त्यांचं म्हणणं. ही बंदूक ज्या काळातल्या बंदुकीची नक्कल आहे त्या काळी काळी दारू होती. भरपूर धूर करणारी, पण दाबाने सौम्य. डबीतल्या काडतुसांत होती नंतरची, धूर न करणारी. इंजिनिअर वाद घालू लागला तसे चाचा मला म्हणाले, "ह्याला इंग्लिशमध्ये सांग बाय. काळी दारू गोळीला ढकलते, नवी दारू लाथ मारते. ही म्हातारी ढकललेलं सोसेल, लाथ सोसणार नाय." मी सांगितलं. इंजिनिअरने वही काढून ते लिहून घेतलं.

नंबरावरही त्यांचा पूर्ण भरवसा नसे. अनोळखी बंदूक आली की ते गंधक वितळवून काडतुसाच्या जागेत ओतत. थिजल्यावर आतल्या आकाराचा पिवळाधमक साचा बाहेर निघे. तो पट्टीने मोजायचा, मग नळीतून मऊ शिशाची गोळी हलकेच ठोकत पलीकडे काढायची आणि तीही मोजायची. दोन्ही मापं हातात आली की कुठलं काडतूस द्यायचं, की काहीच द्यायचं नाही, ते ठरायचं. त्या साच्यांची एक फळीच होती, हळकुंडं मांडावीत तशी. प्रत्येकाखाली चिठ्ठी: कोणाची बंदूक, काय दिलं, काय नाकारलं. परवाना अर्बाबचा, काडतुसांच्या कपाटाची किल्ली अर्बाबच्या थोरल्या मुलाकडे, सालिमकडे. पण चाचांनी मान हलवल्याशिवाय कपाट उघडत नसे. बंदुकीला तिचंच जेवण द्यावं, म्हणत. परक्या ताटातलं दिलं की ती वाढणाऱ्याचा हात खाते.

त्या कपाटातलं एक काडतूस मात्र वेगळं ठेवलेलं असायचं. अर्बाबच्या घराण्यात रीत होती: घरातलं लग्न सुरू होतं ते अर्बाबच्या आजोबांच्या एकबारी बंदुकीच्या एका बाराने. बिनगोळीचा, नुसत्या आवाजाचा बार. घरातला सर्वांत वडील पुरुष तो काढतो, मगच ढोल वाजतो. ती बंदूक नक्कल नव्हती, अस्सल होती. प्रत्येक लग्नाआधी ती दुकानात यायची, चाचा तपासायचे, आणि आदल्या दिवशी अर्बाब स्वतः येऊन हात पुढे करायचे. चाचा त्यांच्या तळव्यावर ते काडतूस ठेवायचे. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी सालिमच्या मुलाचं लग्न ठरलं. लग्नाच्या तीन दिवस आधी, गुरुवार होता म्हणून मी तिथेच होते, सालिम बंदूक घेऊन आला. घरचाच माणूस, पण चाचांनी त्यालाही उभंच ठेवलं. बंदूक घेतली, उघडली, डोळा लावला, करंगळी घातली. करंगळी आतच राहिली. मग त्यांनी दिवा जवळ ओढला, चांदीचे पट्टे बघितले, नळीखालचा सांधा नखाने खरवडला आणि बंदूक टेबलावर आडवी ठेवून मला म्हणाले, "बाय, दार लोट."

सालिम पन्नाशीचा, खात्यापित्या अंगाचा, सूकमध्ये वजन असलेला माणूस. तो मोडक्या हिंदीत सांगू लागला आणि सांगता सांगता रडू लागला. मागच्या हिवाळ्यात बापाला न विचारता तो ती बंदूक घेऊन डोंगरात मित्रांच्या मेजवानीला गेला होता. परतताना वादीला पाणी आलं. कोरड्या नदीपात्रात गाडी घालायची नसते हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, पण घाई होती. गाडी वाहून गेली. सालिम खडकाला धरून वाचला, बंदूक गेली. मग त्याने दुसऱ्या गावातून तशीच दिसणारी आणली, सोनाराकडून तसेच चांदीचे पट्टे चढवून घेतले आणि भिंतीवर टांगली. बापाला कळलं नाही.

बापाला कळलं नाही, कारण बापाला दिसत नव्हतं. हे त्या घरात कोणी बोलत नसे. अर्बाबचे डोळे काचबिंदूने जात चालले होते. चालताना ते भिंतीला हात लावून चालत आणि वर म्हणत की भिंत गार आहे. दवाखान्यात आमच्या डॉक्टरांनी मस्कतला जायला सांगितलं तेव्हा ते उठून गेले होते आणि महिनाभर आले नव्हते.

नवी बंदूक अर्बाबना एकदाच खटकली होती. हातात घेतल्यावर म्हणाले होते, हलकी झाली. मग स्वतःच म्हणाले होते, मीही झालो.

सालिमचं मागणं साधं होतं. एकच बार, नुसत्या आवाजाचा. लहानात लहान काडतूस द्या. चाचांनी त्याला नळीखालचा सांधा दाखवला. भिंतीची जात. तिला आवाजाचंही काडतूस नाही. फुटलीच तर अर्बाबच्या गालाशी फुटेल. मग सांग बापाला, असं चाचा म्हणाले. सालिम म्हणाला, काय सांगू? बंदूक वाहून गेली हे सांगेन, मार खाईन. पण सहा महिने परकी बंदूक तुमच्या भिंतीवर होती आणि तुम्हाला आजोबांची वस्तू ओळखू आली नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?

शेवटी चाचांनी शिसं वितळवलं, सालिमसमोर नळीत ओतलं, आडवी खीळ ठोकली आणि त्या बंदुकीचं तोंड कायमचं बंद केलं. आता तिच्यात कोणाला काही घालता येणार नव्हतं. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण काडतुसासाठी अर्बाब हात पुढे करणार होतेच.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते आले. मी मुद्दाम रजा टाकून गेले होते. चाचा काय करतात याची मला धास्ती होती. अर्बाबनी कॉफी घेतली, नातवाबद्दल दोन शब्द बोलले आणि नेहमीसारखा तळवा पुढे केला. चाचा उभे राहिले.

"अर्बाब, मेरा आँख खलास," ते म्हणाले. "अंदर का मेरे को दिखता नहीं. जिसका मेरे को पक्का नहीं, उसका गोली मैं नहीं देगा."

मी चाचांकडे पाहतच राहिले. चाचा बासष्टचे होते आणि चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत. अर्बाबचा हात तसाच हवेत होता. त्यांनी हळूच विचारलं, "कब से?" चाचा म्हणाले, थोडे दिवस झाले, सांगायची लाज वाटली. त्यावर अर्बाबनी चाचांचा हात चाचपून धरला आणि त्यांना जपून, पायरी सांभाळत, खुर्चीपर्यंत नेऊन बसवलं. ज्याला दिसत नव्हतं तो ज्याला दिसत होतं त्याला नेत होता, आणि चाचा नेऊ देत होते. मला रडू आवरेना म्हणून मी बाहेर सूकमध्ये जाऊन उभी राहिले.

लग्नात बार झाला नाही. युसुफने पाहिली नाही ती बंदूक वाजणार नाही, असं अर्बाबनी जाहीर केलं. म्हातारी मंडळी कुरकुरली. अर्बाब ती बंदूक खांद्याला लावून ताठ उभे राहिले आणि मग ढोल वाजला.

याची किंमत चाचांनी मोजली. रुस्ताक लहान आहे. आठवड्याभरात सगळ्यांना कळलं की युसुफला दिसत नाही, आणि डोळे गेलेल्या माणसाकडे बंदूक तपासायला कोण आणील? एकेकाळी दाराशी ताटकळणारे लोक सोहारपर्यंत जाऊ लागले. अर्बाबनी त्यांना काढलं नाही. दुकानात बसून राहा, कॉफी पी, पगार चालू, असं सांगितलं. चाचा खंजिरांची म्यानं पुसत बसायचे. मी एकदा चिडून म्हटलं, तीस वर्षांचं नाव असं मातीत घातलंत, निदान एवढ्यासाठी खोटं बोलायला नको होतं, तुम्ही तर कधी बोलत नाही.

"बंदुकीबद्दल खोटं नाय बोललो, बाय," ते म्हणाले. "दिली नाय म्हणजे नाय दिली. खोटं बोललो ते माझ्या डोळ्यांबद्दल. डोळे माझे हायत." मग जरा थांबून म्हणाले, "त्याला सांगितलं असतं की तुला दिसत नाय, तर तो घरात बसून मेला असता."

पुढे मात्र असं काही झालं, जे चाचांनाही सुचलं नव्हतं. अर्बाब माझ्याकडे आले आणि म्हणाले, युसुफला मस्कतला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, खर्चाची काळजी नको. मी चाचांना सांगितलं तेव्हा ते आधी घाबरले, मग हसले, आणि दुसऱ्या दिवशी अर्बाबना त्यांनी साफ सांगितलं की एकट्याला भीती वाटते, तुम्ही शेजारी बसून तुमचेही डोळे दाखवणार असाल तर येतो. स्वतःसाठी महिनाभर रुसलेले अर्बाब युसुफसाठी गाडीत बसले. मी मधे. डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं तपासलं. चाचांचं झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, यांना कशाला आणलंत, यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अर्बाबना औषधाचे थेंब लिहून दिले आणि चाचांना नुसते ओलाव्याचे. गेलेली दृष्टी परत येणार नव्हती, पण रोज न चुकता थेंब घातले तर उरलेली टिकणार होती.

मग रोज संध्याकाळी मग्रिबच्या नमाजानंतर दुकानात दोघं समोरासमोर बसून माना वर करून थेंब घालायचे. "डाला?" "डाला. तुम डाला?" मी हे पाहिलं आहे. चाचांचे डोळे उगाचच लाल व्हायचे.

चाचा वर्षभराने कायमचे हर्णैला गेले. बंदुकांशिवाय त्यांना करमेना, आणि घरी बायको वाट पाहून थकली होती. विमानतळावर मी त्यांना म्हटलं की आता तरी ते थेंब बंद करा. ते म्हणाले, कसे करू, तो रोज फोन करून विचारणार. आणि खरंच, रोज मग्रिबनंतर रुस्ताकहून हर्णैला फोन जायचा. दोघांचं बोलणं मिनिटाचंही नसे. मी एकदा सुट्टीत हर्णैला गेले तेव्हा चाचा ओटीवर पुतण्याचं जाळं विणत होते. फोन वाजला. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, आधी खरोखर थेंब घातले आणि मग फोन उचलला. विचारलंच तर खरं सांगता यावं म्हणून, असं मला म्हणाले.

यंदा रमझानच्या आधी चाचा गेले. झोपेतच. मी अर्बाबच्या घरी गेले तेव्हा मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, ते एकटे बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मग एकच विचारलं, शेवटी युसुफला दिसत होतं का. मी म्हटलं, हो अर्बाब, शेवटपर्यंत अगदी नीट दिसत होतं. त्या सबंध प्रकरणात मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असेल. "अलहमदुलिल्ला," ते म्हणाले. त्यांना केवढं बरं वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि चाचा जाऊन चार दिवस कोरडी राहिलेली मी तिथे ढसाढसा रडले.

पंधरा दिवसांनी सालिमचा फोन आला. बाबांनी थेंब सोडलेत, कोणाचं ऐकत नाहीत, बाटली उघडत नाहीत. संध्याकाळी मग्रिबची बांग होऊन गेल्यावर मी अर्बाबना फोन लावला आणि विचारलं, "अर्बाब, दवा डाला?"

पलीकडे काहीतरी चाचपल्याची खुडबुड झाली. मग बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुम डाला?"

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. आता कपाटात ओलाव्याच्या थेंबांची बाटली असते. रोज आधी थेंब घालते आणि मग फोन करते.